मनोरीला भाड्याच्या स्कूटरवर जाताय? आधी नंबर प्लेट बघा, मग तिथी बघा

मालाड स्टेशनपासून मार्वे जेट्टी, तिथून फेरीबोट आणि दहा-पंधरा मिनिटांत मनोरी. रील्समध्ये प्रवास एवढाच दिसतो. पुढे नारळाची झाडं, मोकळी वाळू, मागे सूर्यास्त आणि खाली एक ओळ: ‘मुंबईतच आहे, विश्वास बसणार नाही’. ते खरंही आहे. मनोरी मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे. पण एकदा बोट सुटली की तुम्ही उपनगरातून बाहेर पडून जवळजवळ एका बेटावर गेलेले असता. परत यायला एक तर खाडी ओलांडायची, नाहीतर गोराई, उत्तन, भाईंदर, दहिसर असा तीस-पस्तीस किलोमीटरचा वळसा घ्यायचा. भाड्याची गाडी बंद पडली, वाळूत रुतली किंवा कुणाला पाण्यातून बाहेर काढावं लागलं, की हे अंतर एकदम लक्षात येतं.

मनोरी, कुळवेम, गोराई, उत्तन, पाली, डोंगरी ही सगळी गावं मिळून जो पट्टा होतो त्याला जुन्या नोंदींमध्ये ‘धारावी बेट’ म्हणतात. माहीमजवळची धारावी वेगळी. पूर्वेला मनोरीची खाडी, उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. पोर्तुगीजांना वसईकडे येणारी-जाणारी जहाजं इथून दिसत, म्हणून 1739 च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने आधी इथला धारावी किल्ला घेतला. आज किल्ल्याचे थोडेच अवशेष उरलेत. ज्या भूगोलामुळे तेव्हा या जागेला महत्त्व होतं, त्याच भूगोलामुळे आज इथे गर्दी कमी आहे आणि मदत पोहोचायला वेळ लागतो.

कुठल्या वाटेने जायचं?

दुचाकी असेल तर मार्वे–मनोरी फेरीबोटीत चढवता येते. गाडीचं तिकीट वेगळं असतं. फळीवरून गाडी चढवताना इंजिन बंद ठेवा आणि गाडी ढकलत न्या. फळी ओली असते आणि भरती-ओहोटीप्रमाणे तिचा उतार बदलतो. ऐन ओहोटीला तो चांगलाच तीव्र होतो. ज्याला रोजची सवय नाही त्याने खलाशाला हात लावायला सांगावं, यात कमीपणा नाही. बोटीत गाडी मुख्य स्टँडवर लावून ब्रेक धरून उभं राहावं.

चारचाकी असेल तर या नेहमीच्या फेरीबोटीचा उपयोग नाही. तुम्हाला भाईंदर पश्चिमेकडून उत्तनमार्गे खाली उतरावं लागेल. हा रस्ता काही ठिकाणी मिठागरं आणि खारफुटीच्या कडेने जातो, नंतर थेट गावठाणांमधून. घरांचे ओटे रस्त्याला लागून, समोरून बस आली की एकाने मागे घ्यायचं. वेगाची हौस असेल तर ती इथे भागणार नाही, भागवूही नये.

शेवटची बोट किती वाजता आहे ते जाताना जेट्टीवरच विचारून घ्या. इंटरनेटवरच्या वेळा जुन्या असू शकतात आणि पावसाळ्यात किंवा जोराच्या वाऱ्यात फेऱ्या अचानक थांबतात. बोट चुकली तर रात्री अनोळखी, अरुंद रस्त्याने भाईंदरपर्यंत गाडी चालवत जावं लागेल. तेवढं पेट्रोल टाकीत आहे का, हे मालाडलाच बघायचं.

काळी प्लेट, पांढरी प्लेट

आता गाडीकडे येऊ. भाड्याने घेऊन स्वतः चालवायच्या गाडीची नंबर प्लेट काळी असते आणि त्यावर अक्षरं पिवळी असतात. टॅक्सीची प्लेट पिवळी, अक्षरं काळी. खासगी गाडीची प्लेट पांढरी. इलेक्ट्रिक गाडीची प्लेट हिरवी असते. त्यात खासगी गाडीची अक्षरं पांढरी आणि व्यावसायिक गाडीची पिवळी. जगात अनेक ठिकाणी भाड्याच्या गाड्या अशाच वेगळ्या ओळखू येतात. कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर त्यांची नंबर प्लेट ‘एच’ या अक्षराने सुरू होते. तिथल्या लोकांना ‘एच’ दिसलं की कळतं, पुढचा पाहुणा आहे, रस्ता त्याला माहीत नाही.

आपल्याकडे दुचाकी भाड्याने देण्यासाठी केंद्र सरकारची 1997 ची ‘रेंट अ मोटरसायकल’ योजना आहे. तिच्याखाली परवाना मिळायला व्यावसायिकाकडे किमान पाच दुचाकी असाव्या लागतात. मोटारींसाठी 1989 ची ‘रेंट अ कॅब’ योजना आहे आणि तिथे ही अट किमान पन्नास गाड्यांची आहे. म्हणजे ओळखीच्या मित्राच्या मित्राने आपली घरची स्कूटर दिवसाला पाचशे रुपयांनी दिली, तर ती ‘भाड्याची गाडी’ कायद्याच्या नजरेत भाड्याची नाहीच. ती विनापरवाना व्यावसायिक वापर ठरते. मोटार वाहन कायद्याच्या 192अ कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि हे कलम चालवणाऱ्यालाही लागू होतं.

दंडापेक्षा मोठा प्रश्न विम्याचा आहे. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत ‘वापराची मर्यादा’ नावाचा एक भाग असतो आणि त्यात गाडी भाड्याने देणं वगळलेलं असतं. अपघात झाला आणि गाडी पैसे घेऊन दिली होती हे सिद्ध झालं, तर विमा कंपनी गाडीचं नुकसान भरून द्यायला नकार देऊ शकते. समोरच्या माणसाला कंपनीने भरपाई दिली तरी ती रक्कम मालकाकडून वसूल करायला मागे लागू शकते. आणि मालक कुणाच्या मागे लागेल हे सांगायला नको.

गाडी ताब्यात घेताना आरसी, विमा, पीयूसी आणि परमिट यांचे फोटो मागून घ्या. डिजिलॉकरमधली कागदपत्रं चालतात. गाडीभोवती फिरून एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, त्यात आधीचे ओरखडे आणि किलोमीटरचा आकडा दिसू द्या. टायरच्या खाचा बघा. मागचा ब्रेक एकदा दाबून बघा, कारण बोटीच्या उतारावर तोच लागतो. हेल्मेट दोन मागा. आणि करारात ‘ऑफ-रोड’ किंवा ‘समुद्रकिनाऱ्यावर वापर’ याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक करारांमध्ये वाळूवर गाडी नेली तर झालेलं सगळं नुकसान ग्राहकाच्या माथी असतं. अनामत रक्कम तिथेच संपते.

वाळूवर गाडी का नेऊ नये

किनाऱ्यावर गाडी रुतल्याचा व्हिडिओ दर सुट्टीत कोकणातून कुठून ना कुठून येतोच. लोक हसतात, चालकाला मूर्ख म्हणतात. पण तो फसतो कसा, हे समजून घेतलं तर कदाचित पुढचा वाचेल.

ओहोटीला ओली वाळू घट्ट दिसते. चालून बघितलं तर पाय रुतत नाही. गाडी नेली तरी आधी रुतत नाही. मग चालक फोटोसाठी थांबतो. गाडी उभी असताना चाकाखालच्या वाळूतलं पाणी दाबाने बाजूला सरकतं, चाक थोडं बसतं. निघताना तो ॲक्सिलरेटर पिळतो, चाक जागेवरच फिरतं आणि स्वतःसाठी खड्डा खणतं. जितका जोर जास्त तितका खड्डा खोल. एवढ्यात भरती सुरू झालेली असते.

आता थोडं गणित. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो. एका ओहोटीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात. पण पाणी या सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात हळू, मधल्या दोन तासांत सगळ्यात जोरात. एकूण चढापैकी जवळजवळ निम्मा चढ त्या दोन तासांत होतो, म्हणजे तासाला एक मीटर. किनारा मंद उताराचा असेल, समजा चाळीस मीटर चालल्यावर एक मीटर उंची वाढते, तर पाण्याची कड तासाभरात चाळीस मीटर आत येते. ट्रॅक्टर शोधून आणायला तासभर सहज जातो.

खारं पाणी गाडीला लागलं की बेअरिंग, ब्रेक आणि वायरिंग सगळंच धोक्यात येतं. इंजिनात पाणी शिरल्यावर ते सुरू करायचा प्रयत्न केला तर दुरुस्तीचा खर्च कितीतरी वाढतो आणि साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा बसत नाही. तरीही गाडी रुतलीच, तर चाक फिरवणं थांबवा. चाकापुढची वाळू हाताने काढा, टायरमधली थोडी हवा कमी करा, गोणपाट किंवा सुकलेल्या झावळ्या खाली घाला आणि माणसं जमवून ढकला. पाणी चाकांपर्यंत आलं आणि गाडी हलत नसेल तर तिला सोडून वर या. गाडीपायी माणूस पाण्यात उभा राहू नये.

थोडक्यात डांबर संपतं तिथे गाडी संपली. वाळूपर्यंत उरलेलं अंतर पायीच जायचं. एक विनंती मात्र वेगळी करावीशी वाटते. मनोरी, गोराई, उत्तन इथे रिकामी दिसणारी प्रत्येक जागा पार्किंगची नसते. बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत असतात, खाली जाळी पसरलेली असतात, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात. जाळ्यावरून चाक गेलं तर त्या कोळी कुटुंबाचा दिवस बुडतो. कुणा मावशींना विचारलं, ‘गाडी इथे लावली तर चालेल का?’ तर बहुतेक वेळा त्या जागाही दाखवतात आणि भरतीचं पाणी कुठवर येतं तेही सांगतात.

तिथीवरून भरती कशी काढायची

मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं. हवामान खातं आणि हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. पावसाळ्यात मुंबई महापालिका साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी आधीच जाहीर करते. हे सगळं बघाच. पण नेटवर्क नसतानाही उपयोगी पडणारी एक रीत कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

त्या दिवशीची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जे उत्तर येईल तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती, सकाळी आणि रात्री नऊच्या पुढे-मागे ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून बोटीला फळी लावण्याइतका नेमकेपणा त्यात नाही, पण सहलीची आखणी करायला पुरेसा आहे.

यातून एक गोष्ट निघते जी सहसा कुणी सांगत नाही. सगळ्यात मोठी भरती-ओहोटी म्हणजे उधाण हे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास असतं. मुंबईत त्या दिवसांची भरती नेहमी दुपारी बाराच्या आसपास येते. म्हणजे दुपारी दोन ते चार या वेळात पाणी सर्वाधिक जोराने बाहेर ओढलं जात असतं. आणि हीच वेळ, जेवण करून लोक पाण्यात उतरतात. मनोरीची खाडी समुद्राला मिळते त्या तोंडाजवळ हा ओढा आणखी वाढतो, कारण आतल्या सगळ्या खाडीचं पाणी त्या एका वाटेने बाहेर पडत असतं. वरून पाणी संथ दिसतं.

अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पातळीतला फरक दीड-दोन मीटरच असतो आणि ओढही कमी. पाय बुडवायचे असतील, मुलं बरोबर असतील, तर हिवाळ्यातली अष्टमी-नवमी गाठा. सूर्यास्ताला पाणीही किनाऱ्याजवळ असतं. फोटो उलट बरे येतात.

पाण्यात

16 जुलै 2023 च्या रविवारी सकाळी मार्वेच्या किनाऱ्यावर पाच मुलं पाण्यात ओढली गेली. दोघांना वाचवता आलं, तिघे गेले. खाडीच्या या बाजूला मार्वे, त्या बाजूला मनोरी, पाणी एकच. शेजारच्या अक्सा किनाऱ्याबद्दल तर मालाड-मालवणीत लहान मुलांनाही सांगितलेलं असतं. तिथे वाळूचा तळ सरकतो, काल गुडघाभर होतं तिथे आज गळ्याएवढं असू शकतं.

महापालिकेने जीवरक्षक नेमलेल्या चौपाट्या म्हणून गेली काही वर्षं सहा नावं घेतली जातात: गिरगाव, दादर-माहीम, जुहू, वर्सोवा, अक्सा आणि गोराई. या यादीत मनोरी नाही. त्यामुळे मनोरीच्या निवांत टोकाला गेलात तर शिट्टी वाजवून बोलावणारं कुणी नाही, असं धरूनच वागायचं. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, हा नियम घरून निघतानाच ठरवला तर तिथे वाद होत नाहीत. जून ते सप्टेंबर पाण्यात पाय घालायचीही गरज नाही. त्या काळात पोलिसांचे मनाई आदेश असतात आणि ते विनाकारण नसतात.

लाटांच्या रांगेत मध्येच एक पट्टा सपाट, गढूळ, लाट न फुटणारा दिसला तर तो सुरक्षित समजू नका. तिथून पाणी परत समुद्रात जात असतं. इंग्रजीत त्याला रिप करंट म्हणतात. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका, दमछाक होऊन माणूस बुडतो. अंग सैल सोडून तरंगत राहा आणि किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला निघा. दुसरा कुणी ओढला जात असेल तर त्याच्यामागे उडी टाकू नका. रिकामा पाण्याचा कॅन, स्कूटरची स्टेपनी, बांधलेली ओढणी, काहीही तरंगणारं किंवा लांब पोहोचणारं फेका आणि कोळ्यांना हाक मारा. त्यांच्याइतकं ते पाणी कुणाला कळत नाही. पिऊन पाण्यात जाऊ नये हे लिहायला नको, तरी लिहितो. परतताना चालवायचंही आहे. पिऊन गाडी चालवण्याला पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

पायाखालीही बघा. 2013 च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला उतरलेल्या अनेकांना पाकट माशाने डंख केला होता. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाललं की पाकट आधीच दूर जातो. पावसाळ्यात निळ्या फुग्यासारखे ‘ब्लू बॉटल’ वाळूवर पडलेले दिसतात. मेलेले वाटले तरी हात लावू नका. डंख झालाच तर चोळू नका. समुद्राच्या पाण्याने धुवा, धागे काठीने किंवा कार्डाने काढा आणि मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवा. पाकटाच्या डंखालाही गरम पाणीच, पण काटा खोल गेला असेल तर ओढून काढत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

मदत मागताना काय सांगायचं

इथे एक साधी चूक महागात पडते. घाबरलेला माणूस 112 ला फोन करून ‘आम्ही गोराई बीचवर आहोत’ म्हणतो आणि प्रत्यक्षात असतो उत्तनला. मनोरी आणि गोराई मुंबई पोलिसांच्या हद्दीत येतात. उत्तन ठाणे जिल्ह्यात, मिरा-भाईंदर महापालिकेत आणि मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात. किनाऱ्यावर उभं राहिलं की हद्द दिसत नाही. म्हणून गाडी लावतानाच नकाशावरचं ठिकाण सेव्ह करा, घरच्या एकाला पाठवून ठेवा आणि जवळचं चर्च, जेट्टी, देऊळ किंवा हॉटेल कुठलं ते लक्षात ठेवा.

रुग्णवाहिकेला 108, मुंबई महापालिकेच्या आपत्ती कक्षाला 1916, सागरी पोलिसांना 1093, तटरक्षक दलाला 1554. बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर श्वास चालू नसेल तर पोट दाबून पाणी काढत बसू नका. लगेच तोंडाने श्वास आणि छातीवर दाब सुरू करा, तोवर दुसऱ्याने फोन करावा. रुग्णवाहिका भाईंदरकडून येणार की बोटीने पलीकडे न्यायचं, हे जेट्टीवरच्या माणसांना विचारून ठरवा. बोट उभी असेल तर मालाडची बाजू बहुतेक वेळा जवळ पडते, नसेल तर रस्ता धरावा लागतो.